अमरदीपच्या नावावर

जनवाड्याच्या मारोतीची लेक ज्योत्स्ना बीदरच्या कॉलेजातून एमसीए झाली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते. पुढं दोन वर्षं कुणी त्या पेढ्यांचं नाव काढलं नाही. नोकऱ्या द्यायला कंपन्या यायच्या त्या बंगळूरच्या कॉलेजांत. इकडं कोण तडमडायला येतंय! अर्ज करावा तर अनुभव विचारायचे, आणि अनुभव द्यायला मात्र कुणी तयार नाही. शेवटी तिच्या एका सरांनी वाट दाखवली. ओपन सोर्समध्ये काम कर म्हणाले. जगभरची माणसं मिळून फुकट सॉफ्टवेअर बनवतात, त्यात तूही भर घाल. ज्यानं जे केलं ते त्याच्या नावानिशी सगळ्यांना दिसतं, कंपन्या ते बघून बोलावतात.

मारोतीनं मुदत घातली. "या उन्हाळ्यात न्हाई, पुढच्या उन्हाळ्यापतोर बघतो. तवर नोकरी लागली तर लागली, न्हाई तर भालकीच्या पाव्हण्याला होकार देऊन मोकळा होतो."

सायबर कॅफेत जाऊन ओपन सोर्सच्या साइटवर नाव नोंदवायचं ठरलं तशी आई आडवी आली. "परक्या मुलखातल्या बाप्यांना तुझं नाव कळायचं काय काम गं?" सुभद्राबाई म्हणाली. "पोरगी कुणाला चिठ्ठ्या लिहायलीय म्हणून सोयऱ्यात बोभाटा झाला तर तोंड कुठं दाखवू? अमरचं नाव घाल."

अमरदीप म्हणजे धाकटा भाऊ. टेंपो चालवायचा. कॉम्प्युटरवर त्यानं कधी फडकंसुद्धा मारलं नव्हतं. ज्योत्स्नाला वाटलं, काम तर आपलंच आहे, पुढं सांगता येईल. घातलं त्याचं नाव. इथंच पोरगी चुकली. पण चूक एकटीची तरी कशी म्हणावी? आपल्याकडं गॅसचा नंबर बाप्याच्या नावावर, मोबाईल बाप्याच्या नावावर, बाईनं राबून घेतलेली म्हैससुद्धा बाप्याच्या नावावर! तिथं ह्या कामाची काय कथा.

सव्वा वर्ष ती जीपनं बीदरला जात राहिली. मराठी आणि कानडी जोडाक्षरं पडद्यावर फुटायची, ती नीट दिसावीत म्हणून डोळ्यांचं पाणी केलं. लांबलांबची माणसं लिहायची, अमरदीप, झकास काम केलंस. वाचून तिला आनंद व्हायचा आणि जिवाला लागायचंही.

त्या कामाचा दाखला देऊन तिनं स्वतःच्या नावानं अर्ज केले, तेव्हा मार्चमध्ये हैदराबादच्या एका कंपनीनं बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलेलं सगळं तिनं सांगितलं, फळ्यावर लिहून दाखवलं. मॅडम खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पण हे काम अमरदीपचं दिसतंय." ज्योत्स्नानं घडलं तसं सांगितलं. खातं उघडून दाखवते म्हणाली. "बहीणभावांना एकमेकांचे पासवर्ड ठाऊक असतातच," मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्या घरी फोन करून खात्री करते. मग नेमणुकीचं बघू."

ज्योत्स्नाला हायसं वाटलं. घरची माणसं खरं तेच सांगणार की! बसमध्ये तिनं पहिल्या पगारात आईला काय घ्यायचं तेसुद्धा ठरवून टाकलं.

सुभद्राबाई उंबऱ्यातच उभी होती. "हैदराबादेहून एका बाईचा फोन आलता. कॉम्प्युटरचं काम तुमची पोरगी करते का पोरगा, असं इचारायलती."

"मंग? काय सांगितलंस?"

"मी काय येडी हाय का? सोयरिकीची चौकशी करायलेत, लगेच वळखलं. म्हणलं, पोरगी आमची गरीब गाय, सैपाकपाणी बघती, नेटबिट तिला ठावं न्हाई. समदं अमर करतो."

"अगं, ती नोकरीची चौकशी होती!" ज्योत्स्ना म्हणाली. सगळं कळल्यावर सुभद्राबाईनं मोबाईल लेकीच्या हातात कोंबला. "लाव फोन. मी सांगते माझ्या तोंडानं."

लावला. सुभद्राबाई तोडक्यामोडक्या हिंदीत रडत बोलली, मीच खोटं बोलले बाई, माझ्या लेकीचंच काम हाय. तिकडून मॅडम म्हणाल्या, आता आईला पढवून बोलायला लावलं होय? खोटं बोलणारी माणसं आम्हाला नकोत. फोन बंद झाला.

आठवड्यानं कॅफेत त्याच हैदराबादच्या कंपनीची मेल आली. आपलं काम आम्हाला फार आवडलं, आपण स्वतः भेटायला यावं. मेल अमरदीपच्या नावानं होती. ज्योत्स्नानं ती दोनदा वाचली. तिला किळस आली, त्या नावाची, त्या कामाची, स्वतःचीसुद्धा. त्या दिवसानंतर तिनं कॅफेची पायरी चढली नाही.

मेलचं ऐकून अमरदीप ओशाळला, मान खाली घालून टेंपो घेऊन निघून गेला. मारोतीनं त्याच दिवशी भालकीला होकार कळवला.

सुभद्राबाई लेकीजवळ येऊन बसली. तिचा हात हातात घेतला. "मी तुझी आई हाय का वैरीण गं?"

न्हाई गं आई, एवढं म्हणायला काय जात होतं? सुभद्राबाईनं पुन्हा पुन्हा विचारलं. ज्योत्स्नाच्या तोंडून ते निघालं नाही.