बायांची जोडी

चामोर्शीला बदली झाली तेव्हा सामानाच्या टेम्पोत मी आधी सायकल चढवली आणि मग कपाट. साताऱ्याकडच्या डोंगरांत ती मी कितीतरी वर्षं चालवली होती. रविवारी सकाळी आमची टोळी निघायची, दगडगोट्यांच्या पायवाटांनी पठारावर चढायची आणि चिखलाने माखून घरी यायची. मी जनावरांची डॉक्टर. या नोकरीत बदली ठरलेलीच. पण टोळी काही टेम्पोत घालून आणता येत नाही, हे चामोर्शीतल्या पहिल्याच रविवारी कळलं.

दवाखान्यातल्या ड्रेसरभाऊंना मी विचारलं, "इथे सायकल चालवणारं कोणी आहे का?"

"सायकल तं सारेच चालवून राह्यले मॅडम," ते म्हणाले. "ज्याच्यापाशी गाडी नाई, तो सायकलच चालवन ना."

"तशी नाही. रानातून, चढावरून. हौस म्हणून."

"रानात वाघ हाये," ते म्हणाले, "आन् चढ कुठी हाये इथी?"

चढ खरंच नव्हता. नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या टोकाला निळसर जंगलाची रेघ. मी सकाळी डांबरी रस्त्यावरूनच चकरा मारू लागले. रस्ता सरळ, सपाट, वर ट्रकांची वर्दळ. समोरून येणारा प्रत्येक माणूस वेग कमी करून विचारायचा, "काऊन जी, गाडी बंद पडली का?" पावसाळाभर हेच चाललं. सायकल परत पाठवून द्यावी असंही दोनदा मनात आलं.

पाऊस सरल्यावर एका गावात म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं. पारडू सुखरूप बाहेर आलं आणि मी हात धुऊन तलावाच्या पाळीवरून पायी परत निघाले. पाळीवरच्या ओल्या मातीत मला एक चाकोरी दिसली. जाड टायरची, ठसठशीत गट्टूंची. अशी नक्षी साध्या सायकलच्या टायरला नसते. मोटारसायकलची म्हणावी तर रुंदी कमी होती. मी खाली बसून तिच्यावर बोट फिरवलं. ती डोंगरी सायकलचीच चाकोरी होती.

मी तिच्या मागे मागे गेले. पाळ उतरून ती एका धुऱ्यावर चढली होती. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, रुंदीला वीतभर, दोन्ही बाजूंना पाण्यात उभं धान. चाकोरी त्या धुऱ्याच्या मधोमध लांबवर गेली होती आणि शेजारी कुठेही पाय टेकवल्याची खूण नव्हती. कोण असेल हा माणूस, एवढंच डोक्यात घेऊन मी घरी आले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी सायकलच्या साखळीला तेल घातलं.

पुढच्या सुटीला ऊन पडल्याबरोबर सायकल घेऊन त्याच पाळीवर गेले. काठावर माणसं जाळं ओढत होती. एक बाई माशांचं क्रेट सायकलच्या कॅरिअरवर ट्यूबने करकचून बांधत होत्या. वयाने माझ्याच बरोबरीच्या, पदर कमरेला खोचलेला. सायकलचा लाल रंग बहुतेक उडाला होता, गिअर तारेने एकाच जागी जखडून टाकले होते, पण टायर तेच.

"ही सायकल तुमची?" मी विचारलं.

"मंग कोनाची?" त्या म्हणाल्या. त्यांची नजर माझ्या सायकलवर गेली. पुढच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी जोर दिला, तो खाली बसला आणि परत वर आला. "हे काय, पंप हाये का?"

"धक्के बसू नयेत म्हणून आहे."

"मंग धक्के कोन खाते?"

"तेच खातं."

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी सारे धक्के मीच खाते."

त्यांचं कुटुंब तलावात मासेमारी करायचं. आठवडी बाजारात मासे विकायचं काम बाईंचं. ही सायकल त्यांना वडसाच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली होती. डांबरी रस्त्याने बाजार लांब पडायचा, म्हणून त्या धुऱ्यांवरून जायच्या. "पहिले जल्दी होते म्हणून जात होती," त्यांनी मला नंतर सांगितलं, "आता बाजार नसला तरी जाते. मजा येते."

त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवून मला मागे यायला सांगितलं. पहिला धुरा मी पार केला. दुसरा कसाबसा. तिसऱ्यावर पुढचं चाक घसरलं आणि मी सायकलसकट धानात बसले. बाई क्रेटसकट पुढे जाऊन थांबल्या.

"चाकाकडं पाहू नोका, डाक्टरीनबाई. पुढं पाहा."

साताऱ्याला नव्या लोकांना हे वाक्य मीच सांगायचे. चिखलात बसल्या बसल्या मला हसू आलं. मग त्याही हसल्या आणि ज्यांची बांधी होती ते आजोबा लांबून ओरडेपर्यंत आम्ही दोघी हसत राहिलो.

टोळी होती तर. बाईंखेरीज तिच्यात आणखी दोघं होते. एक जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि दुसरे मूळचे वडसाचे तांदळाचे व्यापारी, ज्यांना सगळे शेठभाऊ म्हणायचे. शेठभाऊंची सायकल माझ्याहूनही भारी होती आणि तिच्यावर ते ओरखडाही पडू द्यायचे नाहीत. रविवारी आम्ही चौघं तलावाच्या पाळीवर जमायचो. ऊन वर आल्याशिवाय निघायचं नाही, वनखात्याची पाटी दिसली की चाक वळवायचं आणि झाडीजवळून जाताना गप्प राहायचं नाही, हे इथले नियम. बाईंनी हँडलला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली होती. मला त्यांनी तशीच एक आणून दिली. घंटा वाजवत आम्ही लाल मुरमाच्या पांदणींवरून जायचो, वैनगंगेच्या रेतीत सायकली ढकलायचो, मोहाच्या झाडाखाली चहा प्यायचो. आणि चढही सापडला. गुरुजींच्या गावामागे एक खडकाळ टेकडी होती. तिथे मात्र मी पुढे असायचे आणि बाकीचे तिघं खाली उतरून धापा टाकायचे. टेकडीवर मी त्यांना उभं राहून पायडल कसं मारायचं ते दाखवलं, धुऱ्यावर बाईंनी मला तोल शिकवला. धान कापून झालं तोवर मी पडायची थांबले होते.

थंडीत गुरुजींच्या गावात शंकरपट भरायचा होता. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. चार गावचे लोक येतात, दुकानं लागतात, वडसाहून नाटक येतं. गुरुजी पटाच्या कमिटीत होते. त्यांनी कमिटीच्या गळी उतरवलं की या वर्षी सायकलींचीही शर्यत घ्यायची, तीही बैलांसारखी जोडीने. कापलेल्या बांध्यांतून धुरे ओलांडत जायचं, तलावाची पाळ, नाला, मग टेकडी चढून पलीकडून उतरायचं आणि पटाच्या मैदानात परत यायचं. जोडीतला मागचा गडी पोचेल तेव्हा जोडी पोचली असं धरायचं.

बाई मला म्हणाल्या, "आपन दोघी."

नाव द्यायला गेलो तर मांडवात कमिटीचे एक पोक्त भाऊ माईक घेऊन बसले होते. ते म्हणाले, "बायाइची जोडी नाई राहत जी पटात."

"काऊन नाई राहत?" बाईंनी विचारलं.

"आजवर राह्यली नाई म्हणून."

"आजवर सायकल तरी कुठी राह्यली पटात?"

"बाई, कोनी पडलं-झडलं तं बोल आमाले लागन."

"मंग असं करा," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "माईक हातात हायेच तुमच्या. सांगा साऱ्याइले, का कमिटी दोन बायाइले भेऊन राह्यली."

मांडवात बसलेले लोक हसले. भाऊंनी माईककडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि आमचं नाव घेतलं.

शर्यतीला बाई मुलीचा पंजाबी ड्रेस घालून आल्या. गुरुजी आणि शेठभाऊ जोडीने होते, आणि बाकी आसपासच्या गावांतले गडी, बरेचसे साध्या काळ्या सायकलींवर. आम्ही रेषेवर उभ्या राहिलो. दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं, झाडांवरही माणसं.

सुटल्यावर पहिले काही गडी वाऱ्यासारखे पुढे गेले आणि पहिल्याच धुऱ्याला त्यातले निम्मे आडवे झाले. बाई त्यांच्यामधून वाट काढत गेल्या आणि मी त्यांच्या मागच्या चाकावर नजर न ठेवता पुढे बघत गेले. एक धुरा, दुसरा, तिसरा. धानाचे खुंट टायरखाली कटाकट मोडत होते. पाळीवर चढलो तेव्हा आमच्यापुढे दोनच जोड्या उरल्या होत्या. एक गुरुजींची, दुसरी दोन चुलत भावांची. नाल्यात शेठभाऊ थबकले, सायकल भिजेल म्हणून त्यांनी ती खांद्यावर घेतली. गुरुजी पलीकडे उभं राहून त्यांना हाका मारत राहिले. आम्ही शेजारून पाणी उडवत निघून गेलो.

टेकडीच्या पायथ्याशी मात्र बाई थांबल्या. त्यांच्या सायकलचे गिअर तारेने जखडलेले. तिच्यावर ही टेकडी त्यांना कधीच जमली नव्हती. चुलत भाऊ वर अर्ध्यात दिसत होते.

"तुमी जा," त्या म्हणाल्या. "मी ढकलत येते."

"ढकलत आलात तर जोडी कशी जिंकणार? माझी घ्या. तुमची मला द्या."

"तुमाले जमन का ते धूड?"

"बघू. बारीक गिअर आहे, बसूनच मारा, उठू नका."

आम्ही सायकली बदलल्या. बाईंची सायकल खरंच धूड होती. बसून ती हलेचना. मी उभी राहिले, सगळं वजन एका पायडलवर टाकलं, मग दुसऱ्या. साताऱ्याच्या सगळ्या डोंगरांनी पायांत जे साठवलं होतं ते त्या दिवशी उपयोगी पडलं. मांड्या पेटल्या होत्या, छातीत भाता चालला होता, पण चाक फिरत होतं आणि पाय जमिनीला लागला नाही. माझ्यापुढे बाई बारीक गिअरवर पाय भराभरा फिरवत सरळ वर चालल्या होत्या. वरच्या खडकापाशी चुलत भाऊ सायकली हातात धरून चालत होते. आम्ही त्यांच्या बाजूने गेलो तेव्हा त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "अबे, ह्या तं उतरल्याच नाई."

उतारावर बाईंनी ब्रेकला हातच लावला नाही. दांडा धक्के खात होता आणि त्या मोकळ्या गळ्याने हसत होत्या. मी त्या धुडावर दात आवळून मागे. मैदानात शिरलो तेव्हा माईकवर तेच पोक्त भाऊ होते. बैलजोडीसाठी देतात तशी ललकारी त्यांच्या तोंडून आपसूक निघाली, "आली, आली, बायाइची जोडी आली, बाजूले व्हा." बाई पोचल्या, त्यांच्या मागोमाग मी. आमच्या मागे मैदान अजून रिकामं होतं.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोणीतरी आमच्यावर गुलाल टाकला. बाजारातल्या ओळखीच्या बायकांनी बाईंना अक्षरशः उचललं. ड्रेसरभाऊ गर्दीतून पाण्याची बाटली घेऊन आले आणि माझी पाठ थोपटून गेले. बक्षीस म्हणून कमिटीने एक बकरी दिली. मी सवयीने तिच्या पोटावर हात फिरवला.

"गाभण आहे," मी म्हणाले. "दोन असतील बहुतेक."

बाईंनी कमिटीच्या भाऊंना तिथूनच सांगितलं, "भाऊ, जोडीले जोडी भेटली जी."

पुढच्या रविवारी पाळीवर गेले तर तिथे बायका उभ्या होत्या. शाळेतल्या दोन बाई, गुलालाने अजून कान लाल असलेली बाईंची नणंद, मुलांच्या, नवऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्या सायकली घेऊन आलेल्या आणखी काही जणी. एका टोकाला माईकवाल्या भाऊंची बायको होती.

"भाऊंना विचारून आलात?" मी म्हटलं.

"त्यायनंच हवा भरून देली," त्या म्हणाल्या आणि सायकल पाळीवर चढवून धुऱ्याकडे निघाल्यासुद्धा. बाई घंटा वाजवत त्यांच्या मागे धावल्या, "चाकाकडं नाई, पुढं पाहा, पुढं," आणि आम्ही सगळ्या त्यांच्या मागोमाग बांध्यांत उतरलो.