माझ्या खोलीचे दोन रंग

आमच्या व्याह्यांइतका नम्रपणे छळणारा माणूस सबंध बंगळुरात दुसरा नसावा. सूनबाईंचे हे वडील. घराणे पिढ्यान् पिढ्या इथलेच. बोलतात मराठी, पण मधूनच कानडी डोकावते. मुलीच्या सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायचे नाही, हा त्यांचा नियम. मी "बसा" म्हटले की "असू दे की" म्हणत भिंतीला टेकतात आणि भिंत मळेल या धास्तीने तिथूनही सरकतात. आंबे आणले तर दोन जातींचे आणतात, आणि माझा हात आधी कोणत्या फोडीकडे जातो ते दाराआडून पाहतात.

मी सर्जापूर रोडवर मुलाकडे कायमचा राहायला आलो, तेव्हा माझ्या खोलीच्या रंगाचे काम त्यांनी मागून घेतले. एका सकाळी भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन उमटले. एक मोतिया, दुसरा सायीचा, असे ते म्हणाले. मला एकच चौकोन जरा रुंद काढल्यासारखा दिसला. तसे सांगायची लाज वाटली. "दोन्ही ठीक आहेत," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ब्रश घेऊन चौकोन पुन्हा रंगवले. खिडकी उघडून दाखवले, लावून दाखवले, दिव्याखाली दाखवले. भिंतीला पाठ करून, पांढरा शर्ट घालून, स्वतः मधोमध उभे राहिले. "स्वल्प मागं सरून बघा की. आता सरी, म्हणजे बरोबर, दिसतंय?" रखवालदाराचे मत झाले, मोलकरणीचे झाले. वरच्या मजल्यावरच्या एका अनोळखी बाईंना त्यांनी लिफ्टमधून वळवून आणले, तेव्हा मी वर्तमानपत्रात तोंड खुपसले. आणि पुन्हा म्हणालो, "ठीक आहे."

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "बाबा, लग्नात माझ्या अण्णांनी जेवण कसं झालं विचारलं, तेव्हाही तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात. त्यांना अजून वाटतं, तुम्ही उपाशी उठलात."

त्या पंगतीत होळिगे, म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी, मी मागून मागून खाल्ली होती. मान वर करवेना.

"मला डावा आवडला," मी म्हणालो. "आणि लग्नातले जेवणही."

ते भिंतीकडे वळले, पुन्हा माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "डावा म्हणजे भिंतीकडे तोंड करून, की पाठ करून?"

मी उठलो, आणि हाताशी आला त्या चौकोनावर तळवा ठेवला. रंग ओला होता. माझ्या पांढऱ्या पंजाकडे पाहून व्याही असे हसले की त्यांना आधार घ्यावा लागला, आणि त्या नादात ते माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून गेले.

आता खोलीला एकच रंग आहे. कोणता, ते मला अजून सांगता येत नाही. ते आले की मी आधी खुर्ची पुढे ओढतो. ते बसतात, पण अगदी कडेला. पाठ टेकून बसण्यासाठी त्यांना माझ्याकडून आणखी किती वेळा "आवडले" ऐकावे लागेल, हे विचारायचे धैर्य मला होत नाही.