बाबांच्या बंबातलं गरम पाणी

मंडळी, आज सकाळी केळझरला, माहेरी होते. वर्ध्याला परतले तरी मन तिथंच आहे.

दिवाळीत बाबांनी नवा स्टीलचा बंब आणला. गॅसचा गीझर घ्या म्हणून मी किती भांडले! पण त्यांचं एकच, "वावरात कापसाची वाळली पऱ्हाटी असताना गॅस काऊन जाळायचा?" थंडी पडायच्या आधीच बाबा गेले. आज आईनं तो बंब पहिल्यांदा पेटवला.

आमच्या घरी एक नियम होता. आपली आंघोळ झाली की मागच्यासाठी एक बादली गार पाणी बंबात ओतायचं. आधी आम्ही पोरं, मग आई, शेवटी बाबा. जाळ लावायचे तेच आणि आंघोळ सगळ्यांच्या मागून.

आज माझी झाली, मग आईची. ती ओल्या केसांनी बाहेर आली, बादली भरली आणि बंबात ओतू लागली.

मी चिडूनच बोलले, "आता कोनासाठी ओतून राह्यली, आई? दोघींच्या झाल्या ना!"

तिचा हात थांबला. माझी जीभ झडली का नाही तेव्हा!

मग तिनं उरलेलं पाणी ओतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाली इस्तो लाल हाये अजून. रिकामा बंब तापला तर फाटते, बाई."

दुपारी निघताना मी बंबाची तोटी सोडून पाहिली. पाणी कढत होतं.

तुमच्या घरी शेवटची आंघोळ कोणाची असते? आणि ते माणूस गेल्यावर त्याच्या वाटचं गरम पाणी कोणी घ्यायचं असतं?