पानावर आडवे धरलेले हात

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "मला शुगर आहे हो, खरंच नको." जिलेबी वाढणारे नवरीचे मामा हसले. "आत्ता हेही असंच म्हणाले," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "आणि दोन चापल्या!" त्यांनी जिलेबी गृहस्थांच्या बोटांवरच टाकली. पाक मनगटापर्यंत ओघळला.

शिसारी आली मला, आणि आधी स्वतःचीच. मला शुगर-बिगर काही नाही. आपल्याकडे ज्याला हवं तोही 'नको' म्हणतो आणि ज्याला नको तोही. मग वाढणारा दोघांनाही वाढतो. तो वाढणारच हे ठाऊक असतं, म्हणून भुकेलेलाही बिनधास्त 'नको' म्हणतो. ज्यांना खरंच नको होतं, त्यांनी या तमाशातून सुटायला आजार पुढे केला. काही दिवस तो चालला. मग माझ्यासारख्या धडधाकटांनी तोही लाडात येऊन वापरला, उष्टा केला. कसला हा घाणेरडा आग्रह, आणि त्याहून घाणेरडे आमचे नखरे! खरं बोलणाऱ्याला आम्ही एक शब्दसुद्धा शिल्लक ठेवला नाही.

पानात टाकायचं कसं, म्हणून गृहस्थांनी ती जिलेबी मुकाट्याने संपवली. मग रुमालाने बोटं पुसत ते माझ्याकडे वाकले. "तुम्हालाही सोडलं नाही ना त्यांनी? गोळी आणलीय का? माझ्याकडे एक जास्तीची आहे."

त्या अख्ख्या पंगतीत माझ्यावर विश्वास ठेवणारे ते एकटेच होते.