दोन पायाळू आणि सरकारी कार्ड

माझी नात मोबाइलवर एक सिनेमा बघत होती. तंग कपडे घातलेली चांगली धट्टीकट्टी माणसं एकमेकांना उचलून भिंतींवर आपटत होती. मी विचारलं, यांचं बिनसलं कशावरून? ती म्हणाली, "आज्जी, हे सुपरहिरो आहेत. सरकार म्हणतंय सही करा, आणि आम्ही सांगू तेव्हाच पॉवर वापरा. अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही म्हणतात."

"एवढंच ना," मी म्हटलं. "हे आपल्या बेलवलीत होऊन गेलंय. फक्त आम्ही दोघीच होतो, आणि एकीच्या अंगावर गाउन होता."

तिने सिनेमा थांबवला. मग सांगावंच लागलं. तिला सांगताना मी थोडी साखर पेरली. इथे तेवढी पेरत नाही.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, आभाळातली वीज त्याच्यावर टपून असते म्हणतात, आणि कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूच्या लाथेने उतरते म्हणतात. लाथ म्हणजे फुटबॉलला मारतात तशी नव्हे. माणसाला उंबऱ्यावर पाठमोरं बसवायचं, डाव्या पायाची टाच तीनदा कमरेला लावायची, शेवटची जरा दाबून. त्याने उठून मागे न बघता चालू लागायचं. ज्यांना बरं वाटे ते पुढच्या आठवड्यात नारळ आणून देत. ज्यांना वाटत नसे ते मागे न बघता गेलेलेच असत, त्यामुळे त्यांचं काय झालं हे आम्हाला कधी कळलं नाही.

आमच्या घरात दोन पायाळू. एक माझी मोठी नणंद, जन्माने या घरची. दुसरी मी, लग्नाने. वन्सं लग्न होऊन उल्हासनगरला जाणार ठरल्यावर सासूबाईंनी धसका घेतला, की घरातली पायाळू चालली, आता शेतात विहीर कुठे खणायची ते कोण सांगणार? म्हणून त्यांनी हट्टाने पायाळू सून शोधली. माझी आई लवकर गेली होती, मला अंबरनाथच्या आत्याने वाढवलं होतं. लग्नाच्या बोलणीत आत्याने सांगितलं, पोरगी पायाळू आहे. मलाही ते त्याच दिवशी कळलं.

कळल्याबरोबर मी अशी काही चालायला लागले की विचारू नका. ती नवी नवरी आज समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. रोज वज्रीने टाचा घासायची. पाय असा टेकवायची, जसं काही जमिनीवर उपकारच करतेय. सासूबाईंनी भांड्यांचं काम सांगितलं तर पायांकडे बघून सुस्कारा टाकायची. भांडी हातांनी घासतात हे तिला कोण सांगणार?

दोघींची लग्नं झाल्यावर सासऱ्यांनी आम्हाला नदीकाठच्या शेतात फिरवलं. वन्संनी बांधाजवळची एक जागा दाखवली. मी पुढे गेले आणि मधेच एका जागी थांबले. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, तिथेच नारळ फुटला, तिथेच खणलं आणि पाणी लागलं. त्या दिवसापासून घरची पायाळू मी. वन्सं उल्हासनगरच्या.

पुढे शेत गेलं, शेतावर बिल्डिंग आली आणि तिच्यातच आम्हाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. वन्संनी उल्हासनगरात नाव काढलं. कापडाचे गठ्ठे उचलून पाठ धरली की सिंधी दुकानदार, म्हणजे साईं लोक, तिच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. शिवाय दर रविवारी ती माहेरी यायची आणि माझ्या उंबऱ्यावर माझ्या माणसांना लाथा मारून जायची.

मग एक डॉक्टरीण आली. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात नवीच आली होती. मी तेव्हा साठीची, म्हणजे तरुणच, आणि अक्कल वयाहून तरुण. पलीकडच्या गल्लीत एका माणसाला कुणा बाहेरच्या पायाळूने लाथ घातली आणि त्याला चादरीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना डॉक्टरीणबाईंचा निरोप. वाटलं, आता पोलीस.

"तुम्ही लोकांना लाथा मारता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लावतो," वन्सं म्हणाल्या.

"मला तुमच्या पायांशी काही देणंघेणं नाही. लोक आधी तुमच्याकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात, तेही आडवे. आता उलटं करायचं. आधी मी तपासणार. मी हो म्हटलं तरच तुम्ही काय ते करा. पडलेला माणूस, म्हातारं माणूस, गरोदर बाई, यांना पाय लावायचा नाही. कबूल असेल तर सही करा, दवाखान्याचं कार्ड देते. नसेल तर पाय आपापल्या घरात ठेवा."

मी पेन मागितलं. कायदा पटला म्हणून नव्हे हो. कार्डावर फोटो असणार होता. भिशीतल्या बायकांकडे बँकेची कार्डं होती, क्लबची कार्डं होती. माझ्याकडे रेशनचं होतं.

वन्सं खुर्चीतून उठल्या. "देवाने मला पाय पुढे करून पाठवलं तेव्हा कुणाची सही घेतली होती? आणि सरकार स्वतः लाथ मारतं तेव्हा कुणाला विचारून मारतं?"

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. हसत असाव्यात.

तिथून घर फुटलं. माझा मुलगा माझ्या बाजूने. यजमान बहिणीच्या बाजूने, म्हणजे गप्प. बिल्डिंगमध्येही दोन पक्ष पडले. ज्यांना रांगेत बसायला वेळ होता ते डॉक्टरीणबाईंकडून माझ्याकडे येत, ज्यांना नव्हता ते वन्संची वाट बघत. वन्सं आता गुरुवारीही यायला लागल्या. मी कार्डाला प्लॅस्टिक लावून घेतलं, फीत लावली आणि गळ्यात घालून दूध आणायला जाऊ लागले.

एका रविवारी माझ्याच ओट्यापाशी उभं राहून त्या म्हणाल्या, "वहिनी, गळ्यात पट्टा बांधून घेतलास. कुत्र्याला बांधतात तसा."

"पट्टा असला की म्युन्सिपाल्टीचे गाडीवाले उचलून नेत नाहीत, वन्सं."

"माझा जन्म माझ्या आईने बघितला, सुईणीने बघितला. तुझा कुणी बघितला? कार्ड सरकारचं, ते दिसतंय. पाय कुणाचे ते सांग."

हे मला झोंबलं. मी ठरवलं, आत्याकडून साक्ष आणायची, तीही मोबाइलवर, आणि फॅमिली ग्रुपवर टाकायची, म्हणजे वन्संच्या सासरकडचेही बघतील. गुरुवारी सकाळी कार्ड गळ्यात घालून अंबरनाथ पश्चिमेला गेले. आत्या नव्वदीच्या पलीकडची, दारात बसून खलबत्त्यात पान कुटत होती. मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"आत्या, मी जन्मले तेव्हा तू होतीस ना? सांग, मी कशी आले. पायांकडून ना?"

"तू? तू डोक्याकडनं आलीस. आलीस ती बोंबलतच."

"आत्या, नीट आठव."

"नीटच आठवतंय. पायाळू नि तू? तुला कोन बोलला?"

"तूच बोललीस. माझ्या लग्नात."

आत्याने कुटणं थांबवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अजून परकरातच आहे. "मंग काय बोलू? पोरं तुला बघाया येत, पोहे खात नि जात. ह्यांना पायाळू पायजे व्हती. म्या बोलले, घ्या, हाय. पायाचा पुरावा कोन मागतंय?"

"पण विहिरीला पाणी लागलं की."

"नदीच्या काठाला कुठं पन खना, पानीच लागंल. राकेल लागंल काय?"

मोबाइल चालूच होता. डोळ्यांसमोर एकच चित्र: शेतात मी थांबले ती जागा. मी थांबले होते कारण माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. नव्या नवरीची चप्पल तुटली हे अशुभ, म्हणून बोलले नाही, नुसती उभी राहिले. आणि पाणी लागल्यावर त्या शहाण्या नवरीने मनाशी काय ठरवलं असेल? की खालच्या पाण्यानेच अंगठा तोडला. त्या समजुतीवर तिने अख्खा संसार केला.

परत कशी आले ते आठवत नाही. दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर वन्सं पाठमोऱ्या बसल्या होत्या, चौकट दोन्ही हातांनी धरून. बाजूला यजमान पाण्याचा पेला घेऊन उभे. मी नसताना तिने मोरीतली भरलेली बादली उचलली होती आणि पाठ तिथेच धरली होती.

"आलीस?" तिने मान न वळवता विचारलं. "मार."

पायाळूला स्वतःची पाठ लाथाडता येत नाही. त्याला दुसरा पायाळू लागतो. तिला बापडीला दुसरी मीच होते.

"वन्सं, आधी दवाखान्यात जाऊ."

"कार्ड नाचवतेस? माझ्यापुढे? मार म्हणते ना."

"मी पायाळू नाही."

यजमानांच्या हातातला पेला कलला. वन्संनी चौकट आणखी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "मला पाय लावायचा नाही म्हणून इतकं खोटं बोलायचं?"

आयुष्यभर खोटं बोलले ते सगळ्यांना पटलं. एकदा खरं बोलले तर ही अशी. शेवटी मी मोबाइल तिच्यासमोर धरून आत्याला बोलू दिलं. राकेलचं वाक्य आलं तशा वन्सं हसल्या, आणि हसताहसता त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो उसणीचा नव्हता. आम्ही दोघींनी जन्मभर उसणीच ऐकल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पायाला मुंग्या येताहेत," त्या म्हणाल्या. "वहिनी, हे काहीतरी वेगळं आहे."

आम्ही त्यांना उचललं नाही. मुलाला फोन केला, त्याने गाडी आणली, आणि फळीवर आडवं करून नेलं. एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला. हाडं ठिसूळ झाली होती, बादलीच्या झटक्याने एक मणका चेपला होता.

"यावर कुणी पाय लावला नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत वन्सं पडल्यापडल्या म्हणाल्या, "कोण लावणार? हिच्याकडे कार्ड आहे."

"शाब्बास, आजी," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "लावला असता तर यांचं चालणं कठीण होतं."

मी खाली माझ्या टाचेकडे बघितलं. साधीच टाच, कडेला भेग पडलेली. किती कमरांवर टेकवली होती मी ती. मागे न बघता गेलेल्यांतला एकेक आठवू लागला.

वन्संना कमरेला पट्टा मिळाला आणि हलायची बंदी. त्या आमच्याकडेच राहिल्या. आता पट्टा त्यांना होता, पण मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले. त्या दिवसभर आत्याची चित्रफीत लावून हसायच्या आणि मग कण्हायच्या. ग्रुपवर मात्र त्यांनी ती टाकली नाही, मलाही टाकू दिली नाही.

एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या एकदम म्हणाल्या, "मी बांधाजवळ जागा दाखवली होती."

"हो."

"बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. तुझ्या तुटक्या चपलेपाशी नारळ फोडला." मग म्हणाल्या, "मला वाटलं, लग्न झालं आणि माझे पाय आटले. इतकी वर्षं तेच वाटत होतं. उल्हासनगरात माणसं उठून चालायची तरी वाटायचं, योगायोग असेल. ती डॉक्टरीण सही कर म्हणाली, तेव्हा मला वाटलं, आता ही तपासणार आणि सगळ्यांना कळणार, या बाईच्या पायात काही नाही."

माझ्या हातातली फणी थांबली. सरकारला शिव्या घालणारी ही बाई सरकारला घाबरत नव्हती. माझ्यामुळे स्वतःच्या पायांना घाबरत होती. आणि मी कार्ड गळ्यात घालून तिच्यासमोर भाजी चिरत होते.

मी कार्ड परत करायला गेले. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं. म्हटलं, माझे पाय साधे निघाले. त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी कार्ड ठेवून घेतलं. उठता-बसता येऊ लागल्यावर वन्सं स्वतः गेल्या आणि सही करून आल्या. फोटोसाठी नवी साडी नेसल्या. आता उल्हासनगरात त्यांच्या दारात कुणी साईं कमरेवर हात ठेवून आला, की त्या कार्ड दाखवतात आणि म्हणतात, "पहले डॉक्टर, बाद में लाथ." डॉक्टरकडे गेलेले बहुतेक परत येत नाहीत. वन्संना त्याचं दुःख दिसत नाही.

नातीने विचारलं, मग जिंकलं कोण? मी तिला वन्संच्या दुखण्यानंतरच्या पहिल्या फेरीचं सांगितलं. पट्टा बांधून चालायची परवानगी मिळाली त्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "मला माझी बांधाजवळची जागा दाखव." मी हात धरून जिना उतरवला, बिल्डिंगच्या मागच्या बाजूला नेलं. बांध कधीच गेला, तिथे फरशी आहे. माझी विहीर बुजवून तिच्यावर जनरेटर बसवलाय. आमच्या सोसायटीला नळाचं पाणी पुरत नाही. वन्संनी दाखवलेल्या जागेवर टँकर उभा होता, पाइप टाकीत सोडलेला, खालून पाणी गळत फरशीवर पसरत होतं.

वन्संनी चप्पल काढली, ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं, पाणी इथे आहे."