अर्धी गोळी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मेस्त्रीच म्हणत. हसतमुख, कामाला वाघ, आणि थट्टेखोर. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की बाहेरून ओरडायचा, "घाबरू नका, आतलं भाडं लावत नाही आम्ही!"

हाच माणूस लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घराच्या खिडक्यांना आतून फळ्या ठोकून बसला होता, हे फक्त बायकोला ठाऊक. भिंतीतून कोणीतरी त्याला धमक्या देत होतं. बायको तेव्हा पोटुशी. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, हळूहळू आवाज थांबले, फळ्या निघाल्या. मुलगी कॉलेजात गेली तरी ती सकाळची गोळी कधी चुकली नव्हती.

मग गोळीचा भाव वाढला. पुन्हा वाढला. औषधवाल्याने हात वर केले, "छापील किंमत आहे, वहिनी. मी काय करणार?" मेस्त्री नुसता "बघू" म्हणाला. पण पाकिटं आता जास्त दिवस पुरायला लागली, आणि बायकोच्या ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते वेगळंच. जेवताना तो मध्येच थांबायचा. आरशावर टॉवेल टाकून दाढी करायचा. एकदा सहज विचारावं तसं म्हणाला, "वर कोण राहायला आलंय गं?"

"अहो, वर गच्ची आहे आपली."

"हो, हो. तेच म्हणतोय मी."

दुसऱ्या दिवशी कपडे भिजवताना त्याच्या खिशात कागदाची पुडी सापडली. आत गोळीचे अर्धे तुकडे.

"हे काय?"

"बरा आहे ना मी? बऱ्या माणसाला अर्धी पुरते. पोरीची फी कुठून भरू मग?"

"डॉक्टरीणबाईंना विचारलंत?"

"तिथे जायचं तर त्यांचीही फी."

तिने तेव्हाच त्याला धरून न्यायला हवं होतं. पण तिनेही हिशेब केला: पगार झाला की पुरी पाकिटं आणू. तोवर आठवडाभर काय होतंय?

पगाराच्या आदल्या दिवशी दुपारी एका ऑफिसच्या इमारतीतून वॉचमनचा फोन आला. "बाई, लवकर या. ते कोणाचं ऐकत नाहीयेत."

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं. लोक मागे सरकून उभे. आत लिफ्ट थोडी खाली थांबलेली, आणि तिच्या टपावर, तेलकट दोरांच्या मधोमध, मेस्त्री बसलेला. कमरेचा सुरक्षेचा पट्टा काढून बाजूला ठेवलेला. खाली डोकावलं तर फटीतून नुसता काळोख.

"अहो," ती दाराच्या कडेशी गुडघ्यांवर बसली. "चला घरी."

"हळू बोल. तिला खाली नेलंय त्यांनी."

"कुणाला?"

"आपल्या पोरीला. हाका मारतेय ती. मी उतरतो."

मुलीला फोन लावून तिने तो त्याच्यापुढे धरला. पलीकडून मुलगी विचारत राहिली, "बाबा, काय झालं? मी वर्गात आहे. बाबा?" तो फोनकडे बघायचा, मग खाली बघायचा. कुठली पोरगी खरी, ते त्याला ठरवता येईना. त्या घोळात वॉचमनने पुढे झेप घेतली, त्याच्या दंडाला धरलं आणि दोघांनी मिळून त्याला वर ओढलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. बायकोला म्हणाल्या, "हेच औषध कंपनीच्या नावाऐवजी साध्या नावाने, जेनेरिक म्हणून, निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. एकदा सांगायचं होतं, लिहून दिलं असतं."

"विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं."

बाईंनी चिठ्ठी पुढे ओढली. "मीही कधी विचारलं नाही, परवडतं का म्हणून," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी बदलून दिली. पण परत आलेलं दुखणं पहिल्यासारखं लवकर हटलं नाही. डोस वाढवावा लागला. मेस्त्रीची जीभ जड झाली, थट्टा गेली. कंपनीने त्याला वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसून करायचं काम दिलं.

आता स्वस्त गोळ्या घरात भरपूर आहेत. आई बाहेर निघाली की मुलगी मात्र वही घेऊन शेजारी अभ्यासाला जाते. ती का जाते, ते मेस्त्रीला कळतं. तो तिला अडवत नाही. उठून तिच्यासाठी दार उघडतो आणि ती शेजाऱ्यांकडे आत जाईपर्यंत उंबऱ्यात उभा राहतो.