उभ्याने मांडे

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो लोकांच्या कीव करण्याचा. लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळं सासर जमतं आणि खापरावरचे मांडे मीच करायचे, हे ठरलेलं. पुरण भरलेला कणकेचा उंडा हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. हे काम पाटावर गुडघे मुडपून बसूनच होत असे. ते बंद पडलं. सणाला मला खुर्चीत बसवून बाहेरचे मांडे आणू लागले आणि माझं ताट सगळ्यांच्या आधी वाढू लागले, आजाऱ्याचं वाढतात तसं.

मग एका धर्मादाय संस्थेचं शिबिर लागलं. तपासणी झाली, माझा नंबर लागला आणि दोन्ही गुडघे बदलून मिळाले, तेही फुकट. शेजारीण म्हणाली, "फुकटचा गुडघा, किती दिवस चालणार?" मी म्हटलं, "तुला देवाने काय पैसे घेऊन दिले होते?"

व्यायाम करताना डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडात शिव्या. शिकवणारी मुलगी दोन्हीकडे दुर्लक्ष करून पाय वाकवत राहायची. हळूहळू काठी सुटली, बाजारापर्यंत एकटी जायला लागले. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. मी विचारलं, "मग मांडे कसे करू?" ते लांबचे, त्यांना मांडे ठाऊकच नव्हते. म्हणाले, "जे काय असेल ते उभ्याने करा."

स्टुलावर बसून पाहिलं, तर हात मांडीवर आपटून मांडा फाटायचा. तेव्हा आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. नेपानगरच्या कागद कारखान्यात जन्मभर फिटर होते. लोखंडी अँगल जोडून चुलीसाठी उंच घोडा बनवला, पाणसळ लावून सपाट आहे ना ते तपासलं, रंगसुद्धा दिला. फक्त माप घेतलं स्वतःच्या उंचीचं. जाळ माझ्या हनुवटीला लागायला लागला. "अहो, मांडे तुम्ही करणार आहात का?" त्यांनी लगेच करवत काढून घोड्याचे पाय कापले.

आखाजीच्या सकाळी अंगणात चूल पेटली. माझ्या चुलत सासूबाई सुजलेले गुडघे चोळत खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना ते दृश्य सोसवेना. "चुलीपुढं उभं राहून कोणी सैंपाक करतं का? ही काय गॅस आहे?"

"काकू, हळदकुंकू उभ्यानेच वाहिलं. चूल काही बोलली नाही."

तोंडाने बोलले खरी, पण आज जमलं नाही तर ही चूल पुन्हा माझ्या हाती येणार नाही, हे मला कळत होतं. पहिला मांडा हातातच फाटला. दुसरा खापरावर गोळा होऊन बसला. जाऊबाईंनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. मला माझाच राग आला. पाय फाकवून घट्ट उभी राहिले, सगळा भार नव्या गुडघ्यांवर टाकला आणि तिसरा उंडा उचलला. तो पसरत गेला, मनगटावरून कोपरापर्यंत, पुरण आरपार दिसेल इतका पातळ. खापरावर अख्खाच्या अख्खा पडला आणि फुगला. मी मोठ्याने ओरडलेच. नंतर किती झाले ते मोजायला मला फुरसत नव्हती. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

गरम मांड्यावर तूप घालून काकूंना नेऊन दिलं. त्यांनी सगळा खाल्ला. मग इकडेतिकडे बघत मला खाली वाकायला लावलं आणि हळूच विचारलं, "ते शिबिरवाले फिरून कधी येणार गं?"

"येतील तेव्हा येतील. तुम्हाला घेऊन मी जाईन काकू. माझ्या पायांनी."